फंगल झालंय? ट्यूब घेण्याआधी तिच्या मागचं बारीक वाचायला शिका

गजकर्ण, नायटा, दाद, फंगल, काहीही म्हणा, पावसाळा सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सर्दी-तापाच्या खालोखाल हाच विषय असतो, आणि बोलायची पद्धतही ठरलेली, आजूबाजूला कोणी नाही बघायचं आणि हळूच "खाजेची एखादी चांगली ट्यूब द्या ना". चांगली म्हणजे काय तर एका रात्रीत खाज थांबवणारी. सगळी गडबड तिथेच आहे. एका रात्रीत खाज थांबवणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं, ते खाज दाबतं, लाली दाबतं, आणि बुरशी आरामात पसरत राहते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला कोणती गोळी किती दिवस हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण ओळखायचं कसं, लावायचं कसं, घरात काय करायचं आणि गोळ्या चालू असताना काय सांभाळायचं हे सांगायला मला हरकत नाही.

आधी ओळख. गजकर्णाचा चट्टा साधारण गोल, कडा थोडी उठलेली, कडेवर खवले किंवा बारीक पुटकुळ्या, आणि मधली त्वचा त्यामानाने साफ. ही बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं. मधे शरीर तिला हटवतं आणि ती बाहेरच्या बाजूला सरकत जाते म्हणून चट्टा गोल वाढतो. पुस्तकात चित्र लालभडक असतं पण आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी किंवा काळपट दिसतो, त्यामुळे "लाल नाहीये म्हणजे फंगल नाही" असं समजू नका. जागा ठरलेल्या, जांघ, काख, कंबर, नितंब, पोटाची घडी, म्हणजे जिथे घाम साचतो आणि कपडा घासतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, सोललेलं आणि वास येणारं असेल तर त्या चिखल्या, भाताच्या खाचरात उभं राहणाऱ्याला होतात तशा दिवसभर ओले बूट घालून बाईकवर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यालाही होतात.

शिबं वेगळं. छाती, पाठ, मान, दंडावर पांढरट किंवा तपकिरी ठिपके, नखाने हलकं खरवडलं तर भुसा निघतो, खाज फारशी नाही. ही मॅलसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, ती सगळ्यांच्याच अंगावर असते, घाम आणि तेलकटपणा वाढला की जास्त वाढते, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागतं ही भीती नको. आणि तिसरी कॅन्डिडा, ओल्या घडीत होणारी, स्तनांखाली, बाळाच्या लंगोटाच्या जागी, तोंडात, योनीत. घडीत लालबुंद चट्टा आणि त्याच्या आजूबाजूला सुटे सुटे बारीक दाणे दिसले की कॅन्डिडाचा संशय घ्यायचा.

पण प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो हे पण लक्षात ठेवा. एक्झिमा गोल असतो, सोरायसिस गोल असतो. आणि चट्टा फिकट आहे, खाज अजिबात नाही, उलट तिथे बोट लावलेलं किंवा गरम-गार नीट कळत नाही, तर मेडिकलमध्ये येऊच नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, औषध फुकट मिळतं आणि लवकर घेतलं तर पूर्ण बरं होतं. लोक अशा चट्ट्यावर वर्षानुवर्षं फंगलची क्रीम चोळत बसतात.

शंका असेल तर तपासणी अगदी साधी आहे. स्किनचे डॉक्टर ब्लेडने कडेचे खवले खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकतात, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसतात. रक्त काढायचं नाही, दुखत नाही.

आता ट्यूब. मागची अक्षरं मुंगीएवढी असतात मान्य आहे, मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, सर्टाकोनॅझोल, टर्बिनाफिन, सायक्लोपिरॉक्स, यातलं एक नाव आणि फक्त एकच नाव असेल तर ती बुरशीची क्रीम आहे. बरोबर क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं की ते स्टेरॉईड, ट्यूब परत ठेवा. काही ट्यूबांमध्ये तर चार-चार औषधं असतात, एक स्टेरॉईड, एक बुरशीचं, एक-दोन अँटिबायोटिक, म्हणजे काय झालंय ते माहीत नाही तर सगळंच मारा. ऑर्निडॅझोल, मेट्रोनिडॅझोल वाचून फसू नका, शेवटी झोल असला तरी ती बुरशीची औषधं नाहीत.

स्टेरॉईडने होतं काय तर पहिले चार दिवस स्वर्ग. खाज गेली, लाली गेली, ट्यूब बंद. आठवड्यात परत आलं, आणि आधीपेक्षा जास्त. परत लावलं. असं दोन-तीन महिने चाललं की चट्ट्याची कडा पुसली जाते, वर्तुळात वर्तुळ दिसायला लागतं, डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही, आणि जांघेत, काखेत कातडी पातळ होऊन गरोदरपणात पोटावर पडतात तसे चिरल्यासारखे पट्टे पडतात, ते मात्र कायमचे, कुठलीही क्रीम ते पुसत नाही. स्टेरॉईड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाहीये, एक्झिमाला, सोरायसिसला ते लागतंच, बुरशीवर घरच्या घरी चोळायचं ते नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्याच्या मागे लागलेली होती. नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण, त्यामुळे वाचायचं काम तुमचंच. आणि बरेच दिवस अशी ट्यूब लावत असाल तर ती बंद केल्यावर सुरुवातीला खाज आणि लाली भडकू शकते. त्याला घाबरून परत तीच ट्यूब काढू नका, डॉक्टरला दाखवून मगच बंद करा, ते खाजेसाठी सेटिरिझिनसारखी गोळी देतात.

हे सगळं एवढं का सांगतोय, तर आपल्याकडची बुरशीच आता बदललीय. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं तिचं नाव, २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी पेशंटच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. ही पटकन पसरते, अंगभर मोठे चट्टे करते, आणि तिच्यातल्या बऱ्याच जातभाईंवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाईमवर काम करतं त्याच्या जीनमध्येच बदल झालेला असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पण तिचे पेशंट सापडले. तज्ज्ञ स्टेरॉईडच्या ट्यूबांकडे आणि अर्धवट कोर्सकडे बोट दाखवतात. इथून अमेरिकेतल्या, दुबईतल्या मुलांना बॅगेत घालून ट्यूबा पाठवणाऱ्या आई-बाबांनी हे विशेष करून वाचावं, लोणचं पाठवा, खाजेची ट्यूब नको.

लावायचं कसं. आंघोळ करून जागा पूर्ण कोरडी करायची, घडीत टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग क्रीम चट्ट्याच्या बाहेरून आत लावत यायचं आणि चट्ट्याच्या कडेपुढे चांगली दिसणारी दोन सेंटिमीटर कातडी पण घ्यायची, कारण बुरशी तिथे आधीच पोचलेली असते. लोक नेमके मधोमध थापतात, जिथे ती सगळ्यात कमी आहे. किती लावायची, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम होतो आणि तेवढ्यात तुमच्या हाताच्या, बोटांसकट, दोन तळव्यांएवढी जागा भागते. म्हणजे दोन तळव्यांएवढा चट्टा आहे आणि दिवसातून दोनदा लावायचंय तर रोज एक ग्रॅम, पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. महिनाभर पुरली असं कोणी कौतुकाने सांगितलं की समजायचं हा नुसता वास घेतोय. लुलिकोनॅझोल साधारण दिवसातून एकदा असतं, क्लोट्रिमॅझोल दोन-तीनदा, पाकिटावर बघा.

आणि थांबायचं कधी? चट्टा दिसेनासा झाला, खाज गेली, त्यानंतर निदान दोन आठवडे अजून. हे वाक्य मी रोज सांगतो आणि रोज कोणीतरी विचारतं "पण आता काहीच नाहीये ना". डाग राहणं वेगळं, बुरशी असणं वेगळं. काळपट डाग कित्येक महिने राहतो, हाताला सपाट लागत असेल, खवले नसतील, खाज नसेल, तर तो नुसता डाग आहे, त्याच्यावर आणखी ट्यूबा ओतू नका.

घरातली कामं क्रीमएवढीच महत्त्वाची. करदोटा काढा. हो, भावना दुखावतील माहिती आहे, पण कंबरेचा काळा दोरा, मनगटातले गंडे, घट्ट अंगठी, हे दिवसभर ओले राहतात आणि बुरशीला लपायला जागा देतात, बरं होईपर्यंत तरी उतरवा किंवा बदला. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आतले कपडे सुती, सैल, रोज धुतलेले, आणि पावसाळ्यात अर्धवट सुकलेली चड्डी तर अजिबात घालायची नाही. पेशंटचे कपडे, चादर मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांत टाकू नका, वेगळे, उलटे करून, साठ डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, उन्हात उलटेच वाळवा, ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. स्किनटाईट जीन्स, लेगिंग्ज काही महिने विसरा. आणि घरात अजून कोणी खाजवतंय का बघा, नवऱ्याला आहे, बायकोला आहे, पोराला आहे आणि औषध एकटाच घेतोय असं असेल तर ते घरात गोल गोल फिरत राहणार, सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिल्लाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर त्यालाही डॉक्टरकडे न्या. लिंबू, व्हिनेगर, लसूण, रॉकेल, झोंबणारी लोशनं यांनी बुरशीच्या आधी तुमची कातडी जळते.

आता गोळ्या. चट्टे अनेक ठिकाणी असतील, वारंवार येत असतील, डोक्यात किंवा नखात असेल तर नुसत्या क्रीमने भागत नाही. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन, ग्रिसिओफल्विन ही चार नावं तुम्हाला चिठ्ठीवर दिसतील. सध्या आपल्याकडे इट्राकोनॅझोल जास्त चालतं आणि त्यातच लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. साधी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटातल्या ॲसिडशिवाय नीट शोषली जात नाही, त्यामुळे ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. आणि आपली सवय काय, कुठलीही गोळी चालू झाली की सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल! म्हणजे ॲसिड बंद आणि महागाची कॅप्सूल फुकट. ॲसिडिटीची गोळी खरंच लागत असेल तर डॉक्टरला तसं सांगा, ते औषध बदलतात किंवा ॲसिडवर तेवढी न अवलंबणारी सुबा नावाची इट्राकोनॅझोल देतात, तिचे मिलिग्रॅम कमी दिसतात, पन्नास किंवा पासष्ट, म्हणून डबल घेऊ नका, तिचा हिशोबच वेगळा आहे. ग्रिसिओफल्विन पण जेवणाबरोबर, त्यातही तूप-तेल असलेल्या.

इट्राकोनॅझोल हार्ट फेल्युअरच्या पेशंटला गजकर्णासाठी देत नाहीत. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन असेल तर दोन्ही एकत्र चालतच नाहीत, ॲटोर्वास्टॅटिन असेल तरी डॉक्टरला सांगा, अंगदुखी, स्नायूंचा त्रास वाढू शकतो. फ्लुकोनॅझोल चालू असताना ग्लिमेपिराईड घेणाऱ्या शुगरच्या पेशंटची साखर एकदम उतरू शकते, वॉर्फरिन घेणाऱ्याचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं, रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. टर्बिनाफिनने काही लोकांची चव जाते, सहसा परत येते. आणि यातलं कुठलंही औषध कित्येक आठवडे चालणार असेल तर लिव्हरची तपासणी डॉक्टर सांगतात, ती टाळू नका, कावीळ होऊन गेलेली असेल किंवा रोज दारू असेल तर लपवू नका. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर पहिलं वाक्य तेच बोला, या गोळ्या बहुतेक वेळा टाळतात आणि क्लोट्रिमॅझोलसारख्या क्रीमवर काम भागवतात.

डोक्यात झालं, म्हणजे लहान मुलांच्या डोक्यात केस तुटलेला, खवल्याचा गोल, कधी पू भरलेली सूज, तर ते गोळीशिवाय जातच नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते आणि क्रीम तिथे पोचत नाही. किटोकोनॅझोल शाम्पू जोडीला असतो, तो घरातल्या बाकीच्या पोरांनाही वापरायला सांगतात. टक्कल करायची गरज नाही, शाळेत पोराची चेष्टा होते उगाच.

नखाला धीर लागतो. टर्बिनाफिन असेल तर हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा, पण गोळी संपली तेव्हाही नख घाणेरडंच दिसणार कारण पायाचा अंगठा पूर्ण नवा यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, मुळाशी स्वच्छ नख येतंय ना एवढंच बघायचं. थोडंसंच टोकाला असेल तर अमोरोल्फिनचं नेलपॉलिशसारखं औषध आठवड्यातून एक-दोनदा लावतात. पण जाड पिवळं नख म्हणजे फंगसच असं नाही, सोरायसिस असू शकतो, जुना मार असू शकतो, म्हणून तीन महिन्यांची गोळी सुरू करण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्या. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचं नखुरडं, नखाच्या मुळाशी कायम सूज, हे बऱ्याचदा सतत ओल्या हातामुळे होतं आणि मग त्यात कॅन्डिडा शिरते, तिथे आत सुती आणि वर रबरी हातमोजे नसतील तर औषधाचा काही उपयोग नाही.

शिब्यासाठी किटोकोनॅझोल दोन टक्के शाम्पू किंवा सेलेनियम सल्फाईड, अंगाला लावून पाच-दहा मिनिटं ठेवून धुवायचं, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. टर्बिनाफिनच्या गोळीचा शिब्यावर उपयोग होत नाही. आणि भुसा गेला तरी पांढरे ठिपके लगेच भरत नाहीत, काही महिने जातात, तोपर्यंत बुरशी जिवंत आहे असं समजून परत परत औषध नको.

खालच्या जागेबद्दल बायका काउंटरवर विचारतच नाहीत, म्हणून इथेच लिहितो. दह्यासारखं घट्ट पांढरं जाणं, खाज, जळजळ, वास फारसा नाही, हे बहुतेक वेळा कॅन्डिडा. योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल १५० ची एकच गोळी, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं, गरोदरपणात फक्त आत ठेवायची, तोंडावाटे नाही. पहिल्यांदाच होत असेल, ताप असेल, पोटात दुखत असेल, वास येत असेल तर मात्र तपासून घ्या. आणि वारंवार होत असेल तर साखर तपासा, पुरुषांनीसुद्धा, शिस्नाच्या टोकाला लाली आणि खाज हे कधीकधी डायबेटिसचं पहिलं लक्षण असतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात त्यामुळे तिथे फंगस होण्याचं प्रमाण वाढतं, गोळी मनाने बंद करू नका, लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडं करा आणि डॉक्टरला लाज न बाळगता सांगा. दम्याचा स्टेरॉईडचा पंप घेणाऱ्यांनी दर वेळी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

जाता जाता आमच्या पिंपरीचं एक सांगतो, कारण हे इथल्याच लोकांना माहीत नसतं. १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतल्या एका जीवाणूपासून हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं होतं, त्या जीवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. मायकोनॅझोल वगैरे येण्याआधीची गोष्ट आहे ही.

एक प्रकार असा आहे जिथे वरचं काहीच लागू नाही. डायबेटिस आटोक्यात नाही, किंवा किडनी बदललीय, किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच दिवस चालू आहेत, आणि चेहऱ्याची एक बाजू सुजली, बधिर झाली, डोळा दुखतोय किंवा दोन-दोन दिसतंय, नाकातून काळपट येतंय, टाळूला काळा डाग, तर तो म्युकर, म्हणजे काळी बुरशी, असू शकतो, २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्राने भरपूर बघितला. तिथे ॲम्फोटेरिसिन बी चं इंजेक्शन आणि ऑपरेशन लागतं, तासांचा प्रश्न असतो, रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलला निघा.

बाकी साध्या गजकर्णाला स्किनच्या डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या, "कुठलीतरी पांढरी क्रीम होती" याने त्यांना काही कळत नाही. चालू असलेल्या बीपी, शुगर, ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पण न्या. आणि त्या दिवशी सकाळी चट्ट्यावर क्रीम, पावडर, खोबरेल काहीच लावू नका, म्हणजे खरवडून नमुना घ्यायचा असेल तर नीट मिळतो.